अर्धा आजार, अर्धं काम आणि पूर्ण बेरोजगारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. बेरोजगारी भत्ता दिला की माणसं आळशी होतात, समोर काम असून नाही म्हणतात आणि घरी बसून सरकारचे पैसे खातात, असा एकंदर सूर. वाचून आधी राग आला आणि मग हसू आलं, कारण समोर काम असून नाही म्हणणारी ती बाई म्हणजे मीच. चांगली तीन आठवडे नाही म्हणत होते, आणि त्या तीन आठवड्यांत मी जेवढी आकडेमोड केली तेवढी अकरा वर्षं स्टोअरच्या रजिस्टरात केली नसेल. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापायचं असेल तिथे खुशाल कापा, फक्त मधला ७८ दिवसांचा भाग ठेवा, तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होते. माल आला की नोंद, गेला की नोंद, महिनाअखेर स्टॉक जुळवायचा. पगार १६ हजार. २०१९ मध्ये सकाळी हाताची बोटं वळेनाशी झाली, आधी वाटलं कामाने असेल, मग मनगटं सुजली, मग तपासण्यांच्या फेऱ्या आणि शेवटी निदान झालं आमवात, डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे हो, इथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. सकाळी तास-दीड तास मला टूथपेस्टची ट्यूब पिळता येत नाही, आणि तीच बाई दुपारी बारा वाजता तुम्हाला रस्त्यात भेटली तर तुम्ही म्हणाल हिला काय धाड भरलीये. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच अडतं.

यावरची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही (रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, नव्या पेशंटला हे दोनदा सांगावं लागतं). घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ आणि अंगात त्राण नाही. मी शनिवारी रात्री घेते, म्हणजे रविवार जातो पण सोमवार वाचतो. शिवाय ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. हे सगळं ईएसआयच्या (म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून चालणारी योजना) कार्डावर होत होतं. नोकरी म्हणजे माझ्यासाठी १६ हजार अधिक ते कार्ड. नोकरी होती तोवर हे कधी डोक्यात आलं नाही, कारण पगार मोजता येतो आणि कार्ड पर्समध्ये पडून असतं.

आता "सरकारचे पैसे" याबद्दल. ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष योजना १९५२ मध्ये सुरू झाली. साधारण दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे २१ हजारापर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. जुलै २०१९ च्या आधी आमचे १.७५ टक्के जायचे, म्हणजे १६ हजारावर महिन्याला २८० रुपये, मी कधी आजारी पडो न पडो. गाडीचा इन्शुरन्स भरणाऱ्या माणसाने अपघातानंतर क्लेम केला की त्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. आम्हीही हप्तेच भरलेत. आणि काम नसेल तर भत्ता ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही, २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यातच होतं की काम मागितल्यावर १५ दिवसांत दिलं नाही तर भत्ता द्यायचा, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पावपट आणि पुढे किमान अर्धा. तो किती जणांच्या हातात पडला हा वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

तर २०१९-२० च्या हिवाळ्यात मी आजारपणाच्या रजेवर गेले. ईएसआयमध्ये आजारपणाचे पैसे पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यापुढे जायचं तर मोठ्या आजारांची ३४ नावांची यादी आहे, त्यात असाल तर ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. यादीत कॅन्सर आहे, टीबी आहे, किडनी निकामी होणं आहे, मणक्यातली गादी सरकणं आहे. आमवात नाही. म्हणजे माझ्या वाट्याला ते ९१ दिवसच आणि त्यातले मी जवळजवळ सगळे वापरले.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. मला तीन महिने सलग घरी बसायचंच नव्हतं. मला सकाळी उशिरा यायचं होतं. अकराला आले असते तर मी चार तास व्यवस्थित काम केलं असतं, माल तर काही सकाळी आठलाच येत नाही. पण तेव्हाच्या १९४८ च्या कायद्यात, कलम ६३ मध्ये, असं होतं की ज्या दिवशी तुम्ही काम केलं त्या दिवसाचा आजारपणाचा पैसा नाही. एक तास केलं तरी तो दिवस कामाचा. म्हणजे मी एकतर अख्खी आजारी किंवा अख्खी बरी, मधलं काही नाही. सर्टिफिकेटवर सुद्धा तेच, अनफिट नाहीतर फिट. डॉक्टरांना मी विचारलं की अर्धी फिट असं लिहिता येईल का, ते बिचारे हसले आणि म्हणाले, बाई, मला कळतंय पण तसा फॉर्मच नाही.

आजारपणाचे पैसे चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नव्हतं, तेही त्याच कायद्यात होतं, कलम ७३. म्हणून आमच्या कंपनीने मी परत येईपर्यंत धीर धरला. मग लॉकडाऊन लागला, एप्रिल आणि मे बिनपगारी, जूनमध्ये परत कामावर, आणि सप्टेंबरच्या शेवटी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. फार गोड बोलल्या. तब्येत सांभाळा म्हणाल्या, तुम्हीच राजीनामा द्या म्हणजे तुमचं रेकॉर्ड चांगलं राहील आणि वर दोन पगार देऊ. मी सही करणारच होते, पेन हातात होतं, पण बोटं आखडली होती त्यामुळे म्हटलं उद्या करते. (आमवाताने माझा एवढा एकच फायदा केला.) त्या संध्याकाळी आमच्यातले एक जुने काका, पूर्वी युनियनमध्ये होते, ते म्हणाले, पोरी, राजीनामा लिहून दिलास की नंतर मला काढलं म्हणायला तुला तोंड राहणार नाही. त्यांना काढायचंय ना, मग त्यांनाच लिहू दे.

त्यांनी लिहिलं. १ ऑक्टोबर २०२० पासून सेवा समाप्त, कारण काय, तर सततचं आजारपण. आता या दोन शब्दांची किंमत ऐका. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपात म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतून सततच्या आजारपणामुळे काढणं हे चक्क वगळलेलं आहे. म्हणजे मी जास्त होते म्हणून काढलं असतं तर कपात झाली असती, दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार याप्रमाणे अकरा वर्षांची भरपाई मिळाली असती. वर ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, २००५ पासूनची, ती कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के आणि दुसरं वर्ष २५ टक्के देते. आजारी आहे म्हणून काढलं तर कपात नाही, कपात नाही तर भरपाई नाही आणि ती योजनाही नाही. त्याच योजनेत आजारी माणसासाठी एक दार आहे, ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तर. माझं अपंगत्व सकाळी सातला साठ टक्के असेल आणि दुपारी दोनला दहा. कायमचं किती, ते तुम्हीच सांगा.

उरली अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. ही जुलै २०१८ ला चालू झाली, तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होती. कोविडमध्ये, २४ मार्च २०२० पासून ज्यांचं काम गेलं त्यांना ५० टक्के केली, आणि आधी ९० दिवस बेकार राहायची अट होती ती ३० दिवसांवर आणली. आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवस. मी त्यात बसत होते. ईएसआयच्या ब्रँच ऑफिसमधल्या क्लार्कने मला अर्ज नीट समजावून सांगितला, सरासरी कशी काढतात तेही कागदावर करून दाखवलं, त्यांचे आभार मानते.

सरासरी अशी काढतात, आधीच्या चार सहामाहींची म्हणजे दोन वर्षांची एकूण कमाई घ्यायची आणि ७३० ने भागायचं. अख्खी दोन वर्षं १६ हजार मिळाले असते तर ३ लाख ८४ हजार भागिले ७३०, म्हणजे रोज ५२६, त्याचे निम्मे २६३. पण माझे तीन महिने आजारपणात गेले (आजारपणाचे पैसे हा पगार नव्हे, तो यात धरत नाहीत) आणि दोन महिने लॉकडाऊनमध्ये. उरले १९ महिने, ३ लाख ४ हजार, भागिले ७३० म्हणजे ४१६, त्याचे निम्मे २०८. म्हणजे आजारी पडले म्हणून आजारपणात ३० टक्के कमी, मग आजारी पडले म्हणून नोकरी गेली, आणि आधी आजारी पडले होते म्हणून बेकारीचा भत्ताही कमी. कुणी मुद्दाम केलेलं नाही, भागाकारच तसा आहे.

महिन्याला पडतात ६ हजार २४०. आणि नेमकं नोव्हेंबरच्या मध्यात ओळखीतून पार्टटाइम काम चालून आलं. एक छोटं दुकान, चार माणसं, हिशोब बघायचे, अकरा ते तीन, पगार साडेसहा हजार. वेळ अगदी माझ्या हातांना विचारून ठरवल्यासारखी. घरचे म्हणाले, देवच पावला, घेऊन टाक. दीर म्हणाले, वहिनी, घरी बसून अजून आखडाल.

आता तुमच्या त्या वाचकांनी माझ्याजागी बसून बघावं. काम घेतलं की त्या दिवसापासून भत्ता बंद, कारण भत्ता बेकाराला आहे आणि चार तास का होईना मी आता कामाला लागलेली. ६ हजार २४० सोडून साडेसहा हजार घ्यायचे. फरक २६०. येण्याजाण्याचे महिन्याचे सहाशे धरा. म्हणजे रोज चार तास काम करून मी घरी बसण्यापेक्षा महिन्याला ३४० रुपये गरीब होणार. आणि दुकानात चार माणसं म्हणजे ईएसआय नाही. माझं कार्ड आधीच्या सहामाहीच्या जोरावर जूनपर्यंत चालणार होतं, त्यानंतर औषधं आणि तपासण्या खिशातून, माझ्या हिशोबाने महिन्याला हजार-बाराशे. दुसऱ्या बाजूला भत्ता ९० दिवसांनी संपणार म्हणजे संपणार आणि दुकानदार काही तोवर थांबणार नाही. आज नाही म्हटलं आणि जानेवारीत काहीच मिळालं नाही तर? पंचेचाळिशीतली बाई, बोटं वाकडी व्हायला लागलेली, आणि साल २०२० जेव्हा धडधाकट लोकांना कुणी विचारत नव्हतं.

यात अजून एक भीती होती, ती बोलायला लाज वाटते पण बोलते. मला माझ्या शरीराची खात्री नव्हती. काम घेतलं आणि पंधरा दिवसांनी मोठा अटॅक आला, सांधे पेटले, तर दुकान सुटणार आणि अर्ज-कागद परत पहिल्यापासून. भत्ता कमी असेल पण तो माझी बोटं सकाळी वळतात का नाही ते विचारत नाही. आजारी माणूस काम नाही म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा हे असतं, आळस नसतो. पाय टाकला आणि खालची फळी निसटली तर परत वर यायला शिडीच नाही, म्हणून पाय टाकत नाही.

तर मी नाही म्हटलं. दुकानदारांनी तीन आठवडे वाट पाहिली, भले माणूस, मग दुसऱ्याला घेतलं. घरात आठ दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आता ७८ दिवस. ईएसआयमध्ये वर्षाच्या दोन सहामाही असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाहीत तुमच्या नावावर किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली तर त्यापुढच्या फायद्याच्या काळात आजारपणाचे पैसे मिळतात आणि उपचार चालू राहतात. एप्रिल-सप्टेंबरचा फायदा पुढच्या जानेवारी ते जून, ऑक्टोबर-मार्चचा फायदा जुलै ते डिसेंबर. लक्ष द्या, मोजतात ते दिवस, तास नाही. दिवसाला आठ तास केले काय, चार केले काय, मजुरी दिली की तो एक दिवस. ही गोष्ट मला अकरा वर्षं कुणी सांगितली नव्हती, आणि पार्टटाइम घ्यावं की नाही यापेक्षा कुठल्या आकाराचं पार्टटाइम घ्यावं हा प्रश्न जास्त मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला दुसऱ्या एका ठिकाणी विचारणा झाली. मोठी जागा, ईएसआय लागू, हजेरीवर पगार. आठवड्यातून तीन दिवस पूर्ण वेळ या, रोजाचे ६०० देऊ. महिन्याचे साधारण १३ दिवस, ७ हजार ८००. ऐकायला छान, चार दिवस आराम. पण तीन दिवस गुणिले २६ आठवडे किती? बरोब्बर ७८. म्हणजे सहा महिन्यांत एक दिवस, एकच दिवस जरी मी अंथरुणातून उठू शकले नाही किंवा एक सुट्टी मधे आली आणि भरून काढता आली नाही तर ७७ आणि पुढच्या सहामाहीत हातात काही नाही. आमवातवाल्या माणसाने सहा महिन्यांत एक दिवसही चुकवायचा नाही!

मी तिथल्या साहेबांना म्हटलं, मला तीन पूर्ण दिवस नकोत, सहा अर्धे दिवस द्या, रोजाचे ३००. पैसे तेवढेच, तुमचा एक रुपया जास्त जात नाही. सकाळी मला उठायला वेळ लागतो, अकरा ते तीन रोज येते. ते म्हणाले, त्याने काय होणार? म्हटलं, तुमचं काही होणार नाही, माझे दिवस दुप्पट होतात. त्यांनी एक मिनिट विचार केला आणि हो म्हणाले. दुसरा कुणी नाहीही म्हणाला असता, हे नशीबच, मी काही हुशारी मिरवत नाहीये.

पुढची गंमत तारखेची. ते म्हणाले एक जानेवारीपासून या, नवं वर्ष. भत्त्याचे ९० दिवसही २९ डिसेंबरला संपत होते, म्हणजे अगदी जुळून आलं. रात्री कॅलेंडर घेऊन बसले. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१, ९० दिवस, त्यात १३ रविवार. उरतात ७७. मी तीनदा मोजलं. परत ७७. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हटलं मी १५ डिसेंबरलाच येते. भत्त्याचे १५ दिवस गेले, ३ हजार १२० रुपये, घरात सगळ्यांना वाटलं हिचं डोकं फिरलंय, तीन आठवडे भत्ता सोडवत नव्हता आणि आता आपणहून सोडतेय. पण १५ डिसेंबरपासून रविवार सोडून ९२ दिवस होत होते, म्हणजे माझ्याकडे आजारी पडायला १४ दिवस शिल्लक. मार्चमध्ये त्यातले नऊ लागले.

पार्टटाइमने सगळं सुटलं असंही नाही. आता आजारी पडले तर ७० टक्के हे या अर्ध्या पगारावर धरतात. पूर्वी १६ हजाराचे ७० टक्के म्हणजे ११ हजार २०० आले असते, आता ७ हजार ८०० चे ५ हजार ४६०. अर्धवेळ काम करणारा माणूस आजारपणात अर्ध्याच्याही खाली जातो. घरचा खर्च मात्र अर्धा होत नाही. नवरा कमावतो म्हणून माझं निभावलं, एकटी असते तर हा सगळा हिशोब मांडायला बसलेच नसते, पहिलं मिळेल ते आठ तासांचं काम धरलं असतं आणि हात कायमचे घालवले असते.

बाहेर यावर उपाय निघालेत आणि ते काही चंद्रावरचे नाहीत. स्वीडनमध्ये आजारपणाचा पैसा पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण असा मिळतो, काम करायची ताकद किती कमी झाली ते बघून, म्हणजे अर्धा दिवस काम करा, पगार घ्या आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचा आजारपणाचा पैसा घ्या. फिनलंडने २००७ पासून अंशतः आजारपणाचा भत्ता आणला, साधारण निम्म्या वेळेचं काम आणि जोडीला निम्मा भत्ता. जर्मनीत बेकारी भत्ता घेणारा माणूस आठवड्याला १५ तासांच्या आत काम करू शकतो, महिन्याला पहिले १६५ युरो त्याचे, त्यावरचे भत्त्यातून वजा. कळवावं मात्र लागतं. तिथे एवढं थोडं काम घेतल्याबद्दल कुणी अख्खा भत्ता गमावत नाही, त्यामुळे थोडं करून बघायला माणूस घाबरत नाही. म्हणाल श्रीमंत देशांचे लाड आहेत. पण माझंच उदाहरण घ्या, कारखान्याने मला अकराला येऊ दिलं असतं आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचे ७० टक्के ईएसआयने दिले असते, तर त्या तीन महिन्यांत ईएसआयचे निम्मेच पैसे गेले असते, कंपनीला अकरा वर्षांची माहितगार बाई मिळाली असती, आणि पुढचा भत्ता तर लागलाच नसता. यात महाग काय आहे ते मला कुणी सांगावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरांसाठी आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, दुसऱ्या कामावर घ्या, नाहीच जमलं तर जादा पद तयार करून ठेवा. चांगलंच आहे. पण आमच्यासारख्या खाजगीतल्या, त्यातही पूर्ण अपंग नाही आणि पूर्ण धड नाही अशांना एचआर मॅडमच्या मर्जीवर सोडलंय.

आता हे जुनं गाऱ्हाणं आत्ता का काढलं, तर आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, तिशीतला, त्याची किडनी गेलीये. आठवड्यातून तीन डायलिसिस, एकेक चार तासांचं. ज्या दिवशी डायलिसिस त्या दिवशी तो संपलेला असतो, पण मधल्या दिवशी जिना चढून वर येतो आणि माझ्या मुलाला गणित शिकवतो. त्याची कंपनी म्हणते पूर्ण ये किंवा येऊच नकोस. तो परवा माझ्याकडे आला, मावशी, तुम्ही यातून गेलाय ना, काम धरू का भत्ता? त्याचा आजार त्या ३४ च्या यादीत आहे, म्हणजे त्याला ८० टक्के मिळू शकतात, मी म्हटलं आधी ते बघ, घाईने राजीनामा लिहू नकोस, पत्रात काय कारण लिहितात त्यावर डोळा ठेव. पण तो म्हणाला, मावशी, पैसे ठीक आहेत, पण दोन वर्षं मी पलंगावर बसून काय करू, मला मधल्या दिवशी काम करता येतं.

याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण ज्या दिवशी काम त्या दिवशी भत्ता नाही हे मी वर सांगितलंच, आणि आपल्याकडे अनफिटचं सर्टिफिकेट हातात असलेला माणूस कामावर दिसला की त्याला खोटारडा ठरवायला लोक टपलेलेच असतात. गेल्या रविवारच्या पत्रातल्या गृहस्थांना मी त्या मुलाकडे घेऊन जायला तयार आहे, मधल्या दिवशी, म्हणजे तो बोलू शकेल.

एक विनंती. तुमच्याकडे नोकरीविषयक पान असतं त्यात एक छोटी चौकट छापा, सहामाहीच्या तारखा, ७८ दिवस, अर्धा दिवसही दिवस धरला जातो, आणि आजारपणात राजीनामा लिहून देण्याआधी ब्रँच ऑफिसला जाऊन विचारा. भत्त्याची योजना मुदतीवर चालते आणि मुदत वेळोवेळी वाढवतात, तर ती आत्ता कुठवर आहे तेही तुमच्या माणसाला विचारून टाका. लोक तुमच्या पेपरातलं कात्रण कापून ठेवतात. मी ठेवलं असतं.

माझं नाव छापू नका, आहे ती नोकरी अजून त्याच साहेबांकडे आहे. टाइप करायला तीन दुपारी लागल्या, चुका असतील तर सांभाळून घ्या.

आपली,
एक वाचक